रात्री तीन वाजता यजमानांनाही उठवा

माई, माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. सुनेनं माझ्या पाटल्या चोरल्या, असं त्या वर्षभर गल्लीत सगळ्यांना सांगतायत. संध्याकाळ झाली की पिशवी भरतात आणि ‘घरी जायचंय, आई वाट बघत असेल’ म्हणतात. नणंद पुण्यात, दीर अमेरिकेत. फोनवर सासूबाई छान बोलतात, त्यामुळे दोघांना वाटतं मीच वाढवून सांगते. यजमान सकाळी आठला जातात ते रात्रीच येतात. गेल्या आठवड्यात रात्री तीन वाजता सासूबाईंनी मला चौथ्यांदा उठवलं, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून ओढत नेलं आणि झोपवलं. सकाळी दंड काळानिळा झाला होता. ‘कुठे लागलं गं मला?’ असं त्यांनी मलाच विचारलं. मी वाईट बाई आहे का?
— एक सून, मिरज

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं होतं, जागेअभावी इथे थोडक्यात दिलंय. मी ते तीनदा वाचलं. ‘असं काही मनात आणू नका’ म्हणून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही मनापासून विचारलंय तर मीही मनापासूनच सांगते. तुम्ही वाईट नाही. त्या रात्री झालं ते मात्र वाईटच झालं, आणि घरात सगळं आहे तसंच चालू राहिलं तर ते पुन्हा होईल. वर्षभर धड झोप न मिळालेल्या कुणाच्याही हातून होईल. तेव्हा स्वतःला बोल लावणं आता थांबवा. तुमच्या रात्री आधी बदलायला हव्यात.

चार पानांत यजमानांबद्दल एकच ओळ आहे. ते आठला जातात आणि रात्री येतात. म्हणजे तीन वाजता ते घरातच होते ना? आई त्यांची आहे. दमून येतात हे मला मान्य आहे, पण तुम्हीही दमलेल्या आहात. आजच त्यांना शांतपणे बसवा आणि दंडाची गोष्ट सांगा. लपवू नका. आठवड्यातल्या निदान तीन रात्री त्यांच्या, असं ठरवून घ्या, आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. राग डोक्यात जातोय असं वाटलं की गॅस बंद आहे ना बघा, बाहेरच्या दाराला कडी घाला आणि पाच मिनिटं गॅलरीत जाऊन उभ्या राहा. त्या हाका मारत राहिल्या तरी चालेल.

आता पाटल्यांबद्दल. हा आजार बहुतेकदा मेंदूतल्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागापासून सुरू होतो. सासूबाई पाटल्या काढतात, चोर येईल या भीतीनं कुठेतरी लपवतात, आणि आपण लपवल्या हेच त्यांच्या डोक्यात उरत नाही. जागेवर पाटल्या नाहीत एवढंच दिसतं. मग कुणीतरी नेल्या असणार, आणि समोर दिवसभर असतं कोण? तुम्ही. जी जास्त करते तिच्यावरच आळ येतो, हे मी किती घरांत पाहिलंय! ‘मी नाही घेतल्या’ असं पटवायला जाऊ नका. ‘अगं बाई, चला शोधू’ म्हणा आणि त्यांच्याबरोबर शोधा. डाळीचे डबे, उशीचा अभ्रा, देवघराचा खण आधी बघा, कारण लपवायच्या जागा सहसा ठरलेल्या असतात. सापडल्या की नणंदेच्या देखत सगळ्या दागिन्यांची यादी करा, फोटो काढा आणि खरं सोनं लॉकरमध्ये ठेवा. सासूबाईंच्या हातात एक ग्रॅमच्या पाटल्या घाला. हात मोकळा राहिला नाही की अर्धी चिंता मिटते.

ही फसवणूक आहे असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. माझी आई शेवटच्या वर्षांत आरशातल्या स्वतःला ओळखायची नाही. ‘ती बाई रोज येऊन बसते, तिला चहा तरी दे’ म्हणायची. ‘अगं ती तूच आहेस’ असं मी तिला महिनाभर समजावलं, आणि रोज ती घाबरून रडायची. शेवटी मी आरशावर जुनी ओढणी टाकली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, ‘गेली का ती?’ मी म्हटलं, ‘गेली.’ त्या रात्री आई नीट जेवली. तेव्हापासून तिला खरं-खोटं पटवायचं मी सोडून दिलं.

संध्याकाळच्या पिशवीचंही तसंच. तिन्हीसांजेला अशा माणसांची घालमेल वाढते. ‘तुमची आई कधीच वारली’ असं सांगाल तर आई आत्ताच गेल्यासारखं दुःख त्यांना रोज नव्यानं होईल. पिशवी तुम्हीच हातात घ्या, कोपऱ्यापर्यंत चालत जा, वाटेत माहेरचं अंगण, विहीर, भावंडं यांच्याबद्दल विचारा आणि परत या. घरातले दिवे अंधार पडायच्या आधीच लावा. त्या वेळेला हाताला काम द्या. वाती वळायला कापूस, सोलायला लसूण. आयुष्यभर केलेलं काम हात फार उशिरा विसरतात. वाती वेड्यावाकड्या झाल्या तरी त्यांच्यासमोर पुन्हा वळू नका.

चार-चारदा उठणं हे अलीकडे अचानक वाढलं असेल तर डॉक्टरांकडे जाच. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं किंवा एखादं नवं औषध एवढ्यानंसुद्धा या माणसांचा गोंधळ एकदम वाढतो, आणि काय होतंय ते त्यांना सांगता येत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनीही होतं. डोनेपेझिल ही या आजारावरची गोळी रात्री देत असाल तर सकाळी चालेल का, हे विचारा, तिनं काहींची झोप उडते. बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय ना, तेही बघा. मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका. त्या दंडाबद्दलही डॉक्टरांना सांगा, तुमची अवस्था त्यांना कळू दे.

नणंदेचं आणि दिराचं वागणं मला खटकलं, तरी ते का फसतात हे समजतं. ‘जेवलास का, पोरं कशी आहेत’ हे बोलणं जिभेवर इतकं रुळलेलं असतं की आजार बराच पुढे गेला तरी टिकतं. पाच मिनिटांच्या फोनवर आजार दिसत नाही. वाद घालू नका. एक वही करा, त्यात तारीख, वेळ आणि काय झालं ते दोन ओळींत लिहा. महिन्याभराची पानं दोघांना पाठवा, डॉक्टरांनाही ती उपयोगी पडतील. मग नणंदेला आठ दिवस राहायला बोलवा, आणि त्या आठ दिवसांत तुम्ही घरात थांबू नका, माहेरी जा. त्यांच्या दिमतीला तुम्ही असाल तर त्यांना काहीच कळणार नाही. दिरांना अमेरिकेतून रात्र जागवता येणार नाही, पण ब्यूरोच्या रात्रपाळीच्या मावशींचा पगार देता येईल. तसा आकडा सांगून मागा. मागायला लाजू नका.

कागदपत्रांचं सगळ्यांनी मिळून लगेच बघा. आपल्याकडे माणसाची समज गेली की त्यानं दिलेलं मुखत्यारपत्रही चालत नाही, पुढे पालक नेमून घ्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागू शकतं. बँकेतलं जोडखातं, नॉमिनी, मृत्युपत्र यांतलं आता काय होऊ शकतं, हे चांगल्या वकिलाला विचारा.

गल्लीचं तुम्हाला फार लागलंय. दोन-तीन शेजारणींना घरी बोलावून आजाराचं नाव स्पष्ट सांगा. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अंदाज आहे. तुमच्या गल्लीतही कुणीतरी आपल्या घरातलं झाकून बसलेलं असेल. नाक्यावरच्या दुकानदाराला आणि रिक्षावाल्यांना तुमचा नंबर देऊन ठेवा, सासूबाईंच्या गळ्यातल्या साखळीतही तो असू द्या.

आणि तुम्ही कुणाशी तरी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री तीनलाही लावा. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करते. तिच्या पुण्याच्या शाखेत चौकशी करा.

पत्राच्या शेवटी, समासात, तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की एका दुपारी सासूबाईंनी तुमच्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, ‘तू कुणाची गं? किती करतेस माझं.’ तुमचं नाव त्यांना आठवत नव्हतं. तुमचा हात मात्र त्यांना कळला होता. ती दुपारही वहीत लिहून ठेवा.

नणंदबाई कधी येतायत, ती तारीख मला कळवा.

तुमची,
माई