कोष्टकात अपूर्णांकच येतात, काय करू?

प्रश्न: २एक्स + ३वाय = १२ चं कोष्टक करताना एक्स १ घेतला तर वाय १०/३ येतो, २ घेतला तर ८/३, ग्राफवर बिंदू नीट बसतच नाहीत. माझं चुकतंय का?

उत्तर: अजिबात नाही, ते बिंदूही त्याच रेषेवर आहेत, फक्त मांडायला अवघड. एक्सची किंमत आपणच निवडायची असते ना, मग वायचा सहगुणक ३ आहे तर इथे एक्सला ३ च्या पटीतल्या किमती द्या, ०, ३, ६, आणि ऋण पण घ्या हं, -३, की वाय येतो ४, २, ०, ६. एक्स ३ ने वाढला की वाय २ ने कमी होतो बघा, किती छान! रेषेला दोन बिंदू पुरतात पण तिसरा काढाच, तो रेषेबाहेर गेला तर कुठेतरी चिन्ह किंवा हिशोब चुकलाय.