स्पिट्झ हा जपानी रॉक बँड ऐकायला कुठून सुरुवात करावी?

थेट 'हाचिमित्सु' लाव. 1995 च्या सप्टेंबरमध्ये आलेला हा त्यांचा सहावा अल्बम. हिट गाण्यांच्या संकलनापासून सुरुवात करू नकोस, त्यात या बँडचा पोत हाती लागत नाही.

त्यांचं गाजलेलं 'रॉबिन्सन' आठव्या नंबरवर आहे. मोह होईल, पण उडी मारू नकोस. अकराही गाणी ओळीने ऐक. सहावं 'तोंगारी 95' दणदणीत रॉक आहे. ते ऐकलंस की ही नुसती गोडगोड गाणी करणारी मंडळी नाहीत, हे लगेच कळेल. मग 'रॉबिन्सन' आलं की पहिल्यांदा मिवाच्या गिटारकडे कान दे. तो कॉर्ड एकदम वाजवत नाही, एकेक तार सुटी छेडतो. त्यावर कुसानोचा उंच, स्वच्छ आवाज अलगद तरंगतो. दुसऱ्या खेपेला हेडफोन लावून फक्त तामुराची बेस गिटार ऐक. मला विचारशील तर अर्धी जादू तिथेच आहे.

जपानी येत नाही म्हणून अडू नकोस. शब्द नंतर बघ, आधी चाली अंगात मुरू देत. 1987 पासून बँडमधले तेच चौघं एकत्र वाजवताहेत, त्यामुळे पुढे ऐकायला भरपूर आहे. यानंतर 1994 चा 'सोरा नो तोबिकाता' घे.