डिसेंबरच्या सुट्टीत कपाटं फोडण्याआधी

टोरांटो आणि सिंगापूरला राहणाऱ्या दोघा भावंडांनी मिळून पत्र पाठवलंय. मुलुंड पूर्वेला आई-वडिलांचा फ्लॅट, इमारत 1986 सालची. बेडरूममध्ये भिंतभर सागवानी कपाट, स्वयंपाकघरात कडप्प्याचे खण आणि कोपऱ्यात मोरी, संडासावर पाण्याची टाकी, पॅसेजभर माळा. डिसेंबरात दोघांच्या सुट्ट्या जुळतायत. भाऊ म्हणतो, सगळं काढून एकदाच मॉड्युलर करून टाकू. बहीण म्हणते, जुनं मजबूत आहे, राहू दे. आई म्हणते, ‘मी गेल्यावर काय ते करा.’ मधला मार्ग सुचवा, अशी विनंती आहे.

मधला मार्ग नकोच. घराचा सरसकट निकाल लावू नका, एकेका वस्तूचा लावा. प्रत्येक वेळी दोन गोष्टी विचारा: हिला रोज हात कोण लावतं, आणि हिच्या मागे भिंतीत काय आहे? व्हिडिओ कॉलवर घर जुनाट दिसतं हे कारण धरायचं नाही.

पहिला फोन सोसायटीच्या सेक्रेटरींना. इमारत तीस वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 353 बी प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. झालं असेल तर अहवाल मागून वाचा. पुनर्विकासाचं कुठवर आलंय तेही विचारा. विकासक ठरण्यापर्यंत गाडी आली असेल तर नव्या किचनवर पैसे घालू नका. विकासकाशी बोलणं होतं ते कार्पेट एरिया, भाडं आणि कॉर्पसचं (सभासदांना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचं), तुमच्या ट्रॉल्या त्याच्या हिशेबात नसतात. मात्र ‘होणार, होणार’ म्हणत दहा-दहा वर्षं काढलेल्या सोसायट्या मुंबईत पैशाला पासरी आहेत. त्या अफवेवर वायरिंग आणि बाथरूमचं काम अडवून ठेवू नका.

कारण खरा धोका तिथेच आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगने पंखे, ट्यूबलाइट आणि एक फ्रिज धरला होता. आता त्याच तारांवर गीझर, एसी आणि इंडक्शन आलंय. दोन किलोवॉटचा गीझर 230 व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. जुन्या बोर्डावरचा पाच अँपिअरचा पॉइंट त्यासाठी नव्हताच. तारा अॅल्युमिनियमच्या निघाल्या किंवा अर्थिंग नसलं तर पुढची चर्चा नको, सगळं तांब्याचं करून घ्या, गीझर-एसीला वेगळी लाइन द्या आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागताच वीज तोडणारा स्विच, बसवा. भिंती एकदाच फुटायच्या असतील तर त्या यासाठी फुटू देत. गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइपही त्याच वेळी बदलतील.

बाथरूमबद्दल बहीण काहीही म्हणो, तिथे ‘राहू दे’ चालणार नाही. गुडघे बोलायला लागलेल्या माणसाला उंच उंबरा, गुळगुळीत लादी आणि भारतीय बैठकीचा संडास, तिन्ही जाचक. कमोड, खरखरीत टाइल्स आणि विटेच्या भिंतीत घट्ट रोवलेले धरायचे दांडे करून घ्या. दांडा नुसता टाइलवर स्क्रू मारून लावला तर तो शोभेचाच. वरच्या टाकीचं बघा: पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो वजन, तेही डोक्यावर. सोसायटीचं पाणी आता दिवसभर येत असेल तर टाकीला रामराम करा. वेळेवारीच येत असेल तर टाकी राहील, फक्त तिच्याखालचा स्लॅब इंजिनिअरला दाखवा.

आता कपाट. भाऊसाहेब, ते आधी पूर्ण रिकामं करा आणि टॉर्च घेऊन सगळ्यात खालच्या खणासमोर मांडी घालून बसा. मागच्या प्लायला बोटाने टिचकी मारा. कोपऱ्यात मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. खणात पिठासारखा भुगा पडलेला असेल तर लाकूड पोखरणारा भुंगेरा. प्लाय काळपट, ओलसर, हाताला गार लागला तर किड्याचा दोष नाही, पलीकडे बाथरूम आहे आणि त्याचं पाणी भिंतीतून येतंय. तिन्ही रोगांची औषधं वेगळी. ओल असताना नवं कपाट बसवलंत तर दोन पावसाळ्यांत तेही काळं पडेल, आणि ते एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, असेल तर कडा फुगून दारं लागेनाशी होतील.

वाळवी निघाली तरी घाबरून सगळं उखडू नका. बहुतेकदा ती मागचा प्लाय आणि पांढरं, कच्चं लाकूड खाते, पक्क्या सागाच्या चौकटीला सहसा तोंड लावत नाही. पेस्ट कंट्रोल करून मागची पाठ बदला. नव्या बिजागऱ्या, खणांना सरकत्या चॅनेल, आत एक दिवा, आणि कपडे टांगायचा दांडा आईच्या खांद्याइतका खाली. तेवढ्यात तिचं काम होतं. वरचे खण रिकामेच ठेवा, कारण ते भरले की स्टूल येतं आणि या वयात स्टुलावरून पडणं परवडत नाही. चौकटच गेली असेल तर काढा, पण फळ्या भंगारवाल्याला देऊ नका. जुन्या सागाला ओशिवऱ्याच्या बाजारात आजही गिऱ्हाईक आहे.

माळ्याला तर हातच लावू नका, कारण त्या काळचे बरेच माळे स्लॅबचे असतात. फक्त उतरवून मोकळा करा. वरचं अर्धं सामान तुमचंच निघेल: दहावीची गाइडं, कॅरम बोर्ड, सुटकेसमध्ये सुटकेस. टाकायचं काय ते तुम्हीच उभं राहून टाका, आईला विचारत बसलात तर सगळं परत वर जाईल.

स्वयंपाकघरात कडप्पा ठेवा. त्याला वाळवी लागत नाही, तो कुजत नाही. खणांमध्ये स्टीलच्या ट्रॉल्या सरकवून बाहेरून शटर लावलं की मॉड्युलरचं रूप येतं, खर्च बराच कमी. ओट्याजवळ नवा प्लाय घ्यायचाच तर त्यावर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघून घ्या. शेगडी दुसऱ्या भिंतीला न्यायची असेल तर पाइपसाठी महानगर गॅसकडे अर्ज करा आणि मीटर बंद कपाटात कोंडू नका. मोरी काढायची की नाही हे मात्र तुम्ही दोघांनी ठरवायचंच नाही. तिथे बसून भांडी घासतात त्या मावशींना विचारा. त्यांना उभ्याने सिंकवर घासायला चालत असेल तर काढा.

भिंत पाडून हॉल-किचन एक करायचा बेत पत्राच्या शेवटी हळूच लिहिलाय, तो इथेच थांबवा. तिकडच्या घरात ड्रायवॉल कापून दुपारी दार करता येतं, इथल्या भिंतीत बीम, खांब आणि शेजाऱ्यांचे जीव अडकलेले असतात. 25 जुलै 2017 ला घाटकोपरला चार मजली इमारत कोसळली, 17 माणसं गेली, आणि बोट दाखवलं गेलं ते तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांकडे. भिंत, खांब किंवा स्लॅबला हात लागत असेल तर इंजिनिअरची चिठ्ठी, सोसायटीचं पत्र आणि महापालिकेची परवानगी, हे तिन्ही आधी. खिडकीच्या ग्रिललाही आतून उघडणारी एक झडप करून घ्या. जुन्या ग्रिल चोराला अडवतात, आग लागली तर माणसालाही.

पैशांचं थोडक्यात. कंत्राटदार ‘बिल नको, रोख द्या’ म्हणेल. ऐकू नका. उद्या घर विकलं तर पक्क्या सुधारणांचा खर्च भांडवली नफ्यातून वजा मागता येतो, पण बिल आणि बँकेची नोंद असेल तरच. सुटं फर्निचर त्यात धरत नाहीत. राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, उचलायचे पैसे कोटेशनमध्येच लिहून घ्या, नाहीतर गोण्या जिन्यात पडून राहतात आणि सोसायटीची बोलणी वडिलांना खावी लागतात.

चार आठवड्यांत वायरिंग आणि बाथरूम झालं तरी खूप झालं. तोवर आई-वडिलांना नातेवाइकांकडे किंवा जवळच भाड्याच्या खोलीत ठेवा, धुळीत नको. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता हातात ठेवा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स बसवायच्या आधी जाळी बंद करून तळात पाणी भरा, ते निदान चोवीस तास तसंच राहू द्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांचं छत बघायला सांगा. छत कोरडं असल्याचा त्यांचा निरोप आला की मग टाइल्सवाल्याला बोलवा.