कॉम्प्युटरनं काढलेलं चित्र कोणाचं?

प्रश्न: मी नौपाड्यात ड्रॉइंगचे क्लास घेते. आठवी-नववीची मुलं मोबाईलवर एआयनं चित्रं करून आणतात आणि विचारतात, मॅडम हे माझं का नाही? ब्राझीलच्या वाल्देमार कोर्देइरोनं म्हणे 1960 च्या दशकातच कॉम्प्युटरवर चित्रं केली होती. त्याच्याकडून आज काय घ्यायचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, भरपूर घ्यायचं. जन्म रोमचा, 1925 चा, पण काम बहुतेक ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात. 1952 ला तिथे 'रुप्तुरा' नावाचा गट निघाला त्यात तो पुढे होता, रेषा आणि आकार मोजूनमापून चित्र करायचं हा त्यांचा आग्रह, शिवाय तो बागा डिझाइन करायचा, समीक्षा लिहायचा. आकड्यांचं वावडं नव्हतंच, म्हणून 1968 ला जॉर्जो मोस्काती या फिजिक्सवाल्याबरोबर तो तिथल्या विद्यापीठाच्या आयबीएम कॉम्प्युटरकडे वळला याचं मला तरी नवल वाटत नाही.

मुलांना 1969 चं काम दाखवाच. प्रेमिकांच्या दिवसाच्या पोस्टरवरचं एक जोडपं घेतलं, फोटोचे ठिपके पाडले, प्रत्येक ठिपका किती गडद ते 0 ते 6 मध्ये लिहिलं, मग मशीननं शेजारशेजारच्या ठिपक्यांतला फरक काढला. फरक नाही तिथे कोरं, मोठा फरक तिथे काळं, म्हणजे उरली फक्त कड. बारावीच्या गणितातलं डेरिव्हेटिव्हच हे, म्हणजे बदल किती ते मोजणं! त्या निकालावर परत तेच केलं, आणि जोडपं ओळखू येईनासं होत गेलं. वजाबाकी मशीनची, पण कुठला फोटो, कुठलं गणित, कितीदा, हे सगळं कोर्देइरो आणि मोस्कातीचं. तुमच्या मुलांनी नेमकं काय ठरवलं ते त्यांना विचारा, माझ्या मते मालकीचं उत्तर तिथेच आहे.

आणि फोटो निवडणं ही साधी गोष्ट नाही हं. 1971 ला त्यानं एका व्हिएतनामी मुलीचा चेहरा घेतला आणि नाव दिलं 'बी. बी. नसलेली बाई', बी. बी. म्हणजे फ्रेंच नटी ब्रिजित बार्दो. सगळीकडे नटीचे फोटो झळकत असताना तिकडे युद्ध चालू होतं आणि यानं मशीनला कोणाचा चेहरा दिला बघा, मला त्याचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

त्याच वर्षी साओ पाउलोत त्यानं 'आर्तेओनिका' हे प्रदर्शन भरवलं. चित्र म्हणजे एकच मौल्यवान वस्तू नाही, ती माहिती आहे, तारेवरून कितीही लोकांकडे जाऊ शकते, असं तो तेव्हा मांडत होता. 1973 ला गेला, जेमतेम 48 चा.

क्लासमध्ये करून बघा. तलावपाळीचा फोटो काढा, चौकटीच्या वहीवर ठिपक्यांचे आकडे मुलांनाच ठरवू द्या, वजाबाकी हातानं. अडलं तर ओळखीच्या एखाद्या गणिताच्या सरांना बोलवा, कोर्देइरोलाही मोस्काती लागलाच होता.