डेटाबेस सर्व्हरच्या टेस्टिंगची नोकरी घेऊ का?

प्रश्न: मॅडम, मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेटाबेस सर्व्हर बनवणाऱ्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली आहे, पण काम डेव्हलपमेंटचं नाही, सर्व्हरसाठी ऑटोमेटेड टेस्ट लिहिण्याचं आणि चालवण्याचं आहे. मैत्रिणी म्हणतात, एकदा टेस्टरचा शिक्का बसला की तो पुसत नाही. बाबांनाही तीच काळजी आहे. काम कसं असतं ते बघावं म्हणून मी मारियाडीबी या खुल्या डेटाबेस सर्व्हरचा सोर्स कोड उतरवून बिल्ड केला आणि त्याच्या टेस्ट चालवल्या. नऊ फेल झाल्या, बऱ्याच स्किप झाल्या. माझंच काही चुकलं का? दहा दिवसांत होकार की नकार ते कळवायचं आहे.

उत्तर: तुझं पत्र वाचताना नोकरीच्या प्रश्नाआधी माझं लक्ष त्या नऊ टेस्टवर गेलं. कुणी सांगितलेलं नसताना तू एवढा मोठा सर्व्हर स्वतः बिल्ड केलास, याचं मला फार कौतुक वाटलं. आधी त्या टेस्टबद्दलच बोलू. नोकरीचं निम्मं उत्तर तिथेच सापडेल.

स्किप झालेल्या टेस्टची काळजी सोडून दे. आपल्याला काय लागतं ते टेस्ट सुरुवातीलाच सांगते: अमुक स्टोरेज इंजिन (डेटा साठवणारा सर्व्हरचा भाग), डीबग बिल्ड (चुका शोधायला सोयीची आवृत्ती), अमुक ऑपरेटिंग सिस्टीम. ते नसेल तर एमटीआर, म्हणजे मारियाडीबीच्या टेस्ट चालवणारा प्रोग्राम, तिला वगळतो. फेल झालेल्या नऊ मात्र एकेक करून बघ. प्रत्येक टेस्ट आधी एकटीच चालव. एकटी पास होत असेल तर बहुधा एकाच वेळी जास्त वर्कर लावल्यामुळे मशीनवर ताण आला आणि वेळेची मर्यादा उलटली, नाहीतर आधीच्या टेस्टने मागे काहीतरी पसारा ठेवला. एकटीही फेल होत असेल तर डिफ, म्हणजे अपेक्षित आणि आलेल्या उत्तरातला फरक, वाच. वजा चिन्हाची ओळ म्हणजे अपेक्षित उत्तर, अधिक चिन्हाची म्हणजे सर्व्हरने प्रत्यक्ष दिलेलं. सर्व्हर कोसळला असेल तर डिफमध्ये फारसं काही मिळणार नाही, एरर लॉग उघडून स्टॅक ट्रेस (कोसळताना कोणती फंक्शन चालू होती त्यांची यादी) शोध. आणि हे सगळं रूट या सर्वाधिकारी युजरने तर चालवलं नव्हतंस ना? लिनक्सवर रूटला फाइलच्या परवानग्या अडवत नाहीत, त्यामुळे ‘परवानगी नाकारली’ हे उत्तर अपेक्षिणाऱ्या टेस्टना तिथे अर्थच उरत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा सर्व्हर तर रूट म्हणून सुरूच होत नाही.

टेस्टची मांडणी तू पाहिलीच असशील. एका फाइलमध्ये एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा), दुसरीत अपेक्षित निकाल. पोस्टग्रेसमध्ये ‘मेक चेक’ म्हटलं की तात्पुरता सर्व्हर उभा राहतो, एसक्यूएलच्या फाइली चालतात आणि आलेलं आउटपुट ‘एक्सपेक्टेड’ फोल्डरमधल्या फाइलींशी ताडून पाहिलं जातं. वरवर पाहिलं तर यात अवघड काहीच नाही, म्हणून तर लोक या कामाला हलकं समजतात.

अवघड आहे ती निकालाची फाइल. एमटीआरला ‘रेकॉर्ड’ हा पर्याय दिला की सर्व्हर जे उत्तर देईल तेच तो अपेक्षित म्हणून लिहून ठेवतो. सोय मोठी आहे आणि धोकाही तेवढाच. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लेफ्ट जॉइनवर (दोन टेबलं जोडताना पहिल्यातल्या सगळ्या ओळी ठेवणारी क्वेरी) एक टेस्ट लिहिली, रेकॉर्ड केली, निकालावर नजर फिरवली आणि पुढच्या कामाला लागले. दुसऱ्या टेबलात जोडी नसलेल्या दोन ओळी निकालात यायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, तो लेफ्ट जॉइन इनर जॉइनसारखा (फक्त जोडी असलेल्या ओळी ठेवून) चालवत होता, आणि मी ती चूक बरोबर उत्तर म्हणून नोंदवून बसले होते. काही महिन्यांनी एका सहकाऱ्याने मूळ बग दुरुस्त केला तेव्हा माझी टेस्ट फेल झाली. आपलीच दुरुस्ती चुकली असं समजून तो दीड दिवस कोड तपासत राहिला. त्याचा तो दीड दिवस मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून मी आधी कागदावर उत्तर काढते, मग रेकॉर्ड करते.

हेच या कामाचं मर्म आहे असं मी मानते: बरोबर उत्तर काय ते सर्व्हरच्या आधी आपल्याला माहीत असावं लागतं. त्यासाठी एसक्यूएलचे नियम, नलचं (माहीत नसलेल्या किमतीचं) वागणं, आयसोलेशनच्या (एकाच वेळचे व्यवहार एकमेकांपासून वेगळे ठेवण्याच्या) पातळ्या, लॉक कधी लागतो आणि कधी सुटतो, हे सगळं पक्कं असावं लागतं. एखाद्या भागात काम करणाऱ्या डेव्हलपरला तो भाग खोलवर कळतो. चांगल्या टेस्ट लिहिणाऱ्याला दोन भागांच्या सांध्यावर काय होतं ते कळतं, आणि बरेच त्रासदायक बग अशा सांध्यांवरच दडलेले असतात.

डेडलॉकचं, म्हणजे दोघांनी एकमेकांची वाट बघत अडकण्याचं, उदाहरण घे. दोन कनेक्शन उघडायची. पहिलं ‘अ’ ओळ लॉक करतं, दुसरं ‘ब’. मग पहिलं ‘ब’ मागतं आणि दुसरं ‘अ’. सर्व्हरने हे ओळखून एक व्यवहार (ट्रान्झॅक्शन) रद्द करायला हवा. मारियाडीबीत त्याला १२१३ क्रमांकाचा एरर मिळतो. पण दुसऱ्याने ‘अ’ मागण्याआधी पहिलं खरोखर वाट बघत थांबलंय, हे टेस्टला कसं कळणार? नवखा माणूस तिथे दोन सेकंदांचा स्लीप टाकतो. त्याच्या मशीनवर ती टेस्ट शंभर वेळा पास होते आणि कामाने दबलेल्या सर्व्हरवर एकशे एकाव्या वेळी फेल होते. जाणता माणूस सर्व्हरलाच विचारतो: ते कनेक्शन लॉकसाठी थांबलं का? ‘हो’ आलं की पुढची पायरी. डीबग बिल्डमध्ये तर सर्व्हरच्या कोडमध्येच थांबे ठेवता येतात, म्हणजे थ्रेड नेमक्या ओळीवर उभा राहतो. पुढचा प्रश्न, बळी कोणाचा जाणार? इनोडीबी, मारियाडीबीचं नेहमीचं स्टोरेज इंजिन, साधारणपणे ज्या व्यवहाराने कमी ओळी बदलल्या तो रद्द करतं. दोन्ही सारखे असतील तर टेस्टने एकाच नावावर अडून बसायचं नाही, किंवा मुद्दाम एकाला मोठं करून ठेवायचं. पोस्टग्रेसमध्ये अशा खेळ्यांसाठी आयसोलेशन टेस्टरच आहे: सत्रं लिहायची, पायऱ्या लिहायच्या, आणि त्या कोणत्या क्रमाने चालवायच्या तेही लिहायचं. या फाइली नक्की वाच, वाचताना मन रमतं.

आणखी एक गोष्ट आज संध्याकाळीच करून बघ. माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहणं हा टेस्टिंगचा एक मार्ग झाला. उत्तर माहीत नसतानाही चूक पकडता येते का? मॅन्युएल रिगर आणि झेंडॉन्ग सू यांनी २०२० मध्ये मांडलेली युक्ती अशी: कुठलंही टेबल आणि कुठलीही अट घे. अट खरी ठरणाऱ्या ओळी मोज, खोटी ठरणाऱ्या मोज, आणि जिथे अटीचं उत्तर नल येतं त्याही मोज. टेबलात १०० ओळी असतील तर या तिन्हींची बेरीज १०० आलीच पाहिजे. ९९ आली तर तिघींतली कोणती क्वेरी चुकली ते कळायच्या आधीच सर्व्हर चुकलाय हे सिद्ध होतं. त्यांच्या एसक्यूलॅन्सर या अवजाराने अशा कल्पनांवर नावाजलेल्या सर्व्हरमधले बग शोधून काढले. या कामात संशोधनही करता येतं, हे बाबांना जरूर सांग.

त्यांना एक आकडाही सांग. एसक्यूएलाइट या छोट्या डेटाबेसच्या निर्मात्यांनी स्वतः दिलेल्या हिशोबानुसार ३.४२.० या आवृत्तीत टेस्टचा कोड मूळ कोडच्या ५९० पट होता. मेमरी मिळाली नाही तर, डिस्कने लिहिता लिहिता एरर दिला तर, मध्येच वीज गेली तर, हे सगळं ते मुद्दाम घडवून पाहतात.

आता शिक्क्याबद्दल. मैत्रिणी अगदी चूक बोलत नाहीत. दुसऱ्याने लिहिलेल्या स्क्रिप्ट चालवायच्या, पास-फेलचा तक्ता भरायचा आणि फेल झालेलं पुढे ढकलायचं, असं काम तीन वर्षं केलं तर हाती फार थोडं लागतं. अशी नोकरी असेल तर नाही म्हण, पगार बरा असला तरी. म्हणून होकार देण्याआधी कंपनीला स्पष्ट विचार: मला सर्व्हरचा सोर्स कोड वाचायला आणि स्वतः बिल्ड करायला मिळेल का? माझ्या टेस्टचा रिव्ह्यू डेव्हलपर करतील का, आणि त्यांच्या डिझाइनच्या चर्चेत मला बसता येईल का? टेस्ट फेल झाली तर कारणाच्या मुळाशी जायचं काम माझं असेल की मी फक्त तिकीट उघडायचं? अधूनमधून फेल होणाऱ्या टेस्टचं तुम्ही काय करता, हेही विचार. ‘बंद करून ठेवतो’ एवढंच उत्तर आलं तर सावध हो. ‘कुणीतरी त्यामागे लागतं’ असं म्हणाले तर ती टीम चांगली आहे.

पहिल्या तिन्हींची उत्तरं मनासारखी आली तर मी तुला ही नोकरी घे असंच सांगेन, आणि डेव्हलपमेंटची संधी हुकली म्हणून हळहळू नकोस. दोन वर्षांत तू सी प्लस प्लस वाचायला शिकशील, जीडीबी या डीबगरमध्ये स्टॅक उलगडशील, गिट बायसेक्ट या आज्ञेने बग कोणत्या कमिटमध्ये शिरला ते शोधशील. तेवढं येणाऱ्या माणसाला पुढे ऑप्टिमायझर किंवा रेप्लिकेशनच्या (डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याच्या) टीममध्ये जाणं अवघड नसतं. थोडी पर्ल ही भाषाही शिकून ठेव. एमटीआर पर्लमध्येच आहे आणि पोस्टग्रेसच्या टॅप नावाच्या टेस्टही.

तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी म्हणेलच: टेस्ट आता एआय लिहून देतो. देतो, आणि भराभर देतो. पण सर्व्हरने दिलेलं उत्तरच अपेक्षित म्हणून चिकटवण्याचा धोका तिथेही आहे, जी चूक मी लेफ्ट जॉइनच्या वेळी केली तीच. ते उत्तर बरोबर आहे का, हे सांगणारं माणूस लागणारच.

दहा दिवसांपैकी पहिले चार त्या नऊ टेस्टना दे. त्यातली एखादी खरा बग निघाली, तर आधी कुणी नोंदवलाय का ते मारियाडीबीच्या जिरामध्ये, म्हणजे बग नोंदवायच्या संकेतस्थळावर, शोध. नसेल तर तूच नोंदव: आवृत्ती, बिल्डचे पर्याय, ऑपरेटिंग सिस्टीम आणि डिफ. पाचव्या दिवशी कंपनीला ते प्रश्न पाठव. त्यांची उत्तरं आली की मला कळव, आणि तोवर एकटी चालवूनही फेल होणाऱ्या टेस्टची नावं डिफसकट धाड. मी बघते.