वाइनचा कट्टा : नाताळ ते थर्टी फर्स्ट

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून एक शॅम्पेन आणि एक रेड आणतोय. आम्ही आठ जण. कधी उघडायची, पुरणार कशी? (ठाणे)

उत्तर : कस्टमची काळजी नको. प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, तुमचं दीडच होतंय. बाटल्या चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवायला सांगा.

शॅम्पेन रात्री बारासाठी राखू नका. तोवर व्हिस्की, कबाब आणि लसणाची चटणी होऊन जिभेला काही कळेनासं झालेलं असतं. पाहुणे जमले की पहिली तीच उघडा. 750 मिलीतून आठ जणांना प्रत्येकी 90 मिली येते आणि चव घ्यायला तेवढी भरपूर आहे. बाराच्या जल्लोषाला नाशिकची स्वस्त स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाइन) आणा, हवी तर भिंतीवर उडवा.

गार करायला फ्रिजमध्ये चार तास तरी लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून 20-25 मिनिटं बाटली गळ्यापर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खडे काचेला जेमतेम टेकतात. फ्रीझरमध्ये विसरलात तर बाटली फुटते.

उघडताना तारेला साधारण सहा अर्धे वेढे देऊन ती सैल करा आणि त्या क्षणापासून बुचावरचा अंगठा काढू नका. आत कारच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून आणि ट्यूबलाइटपासून लांब. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, म्हणजे फक्त 'फुस्स' होतं. फेस उसळून वाया जातो तो बाटली कोमट असली किंवा हिंदकळली असली तर. ग्लास दोन खेपांत भरा.

रेड जेवणाबरोबर. 'रूम टेम्परेचर' म्हणजे युरोपातल्या थंड खोलीचं, 16-18 अंश, ठाण्यातल्या हॉलचं नव्हे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच.

प्रश्न : लग्नात भेट मिळालेली नाशिकची रेड आठ वर्षं शोकेसमध्ये उभी आहे. आता 'मुरली' असेल ना? (पुणे)

उत्तर : बहुधा बिघडली असेल. आपल्याकडच्या बहुतेक रेड तीन-चार वर्षांत प्यायच्या असतात. त्यात आठ उन्हाळे, शोकेसचा दिवा आणि उभी बाटली, म्हणजे बूच वाळून हवा आत. बूच वर सरकलंय का, गळ्यावर चिकट ओघळ आहे का, वाइनची पातळी उतरलीय का, ते पाहा. तरी उघडायचीच असेल तर आदल्या दिवसापासून हलवू नका, गाळ खाली बसू द्या. बुचाचा भुगा झाला तर स्वच्छ मलमलीतून गाळा. व्हिनेगरचा वास आला तर ओतून द्या. भिजल्या पुठ्ठ्यासारखा आला तर दोष बुचातून आलेला असतो, हवा देऊन तो जात नाही. अशी वाइन मटणातही ढकलू नका. आणि पाहुण्यांसमोर उघडणार असाल तर दुसरी बाटली हाताशी असू द्या.

प्रश्न : सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा तिखट-आंबट रस्सा) आणि नंतर बेबिंका (थरांचा गोड केक). वाइन कुठली? (मडगाव)

उत्तर : जड, तुरट रेड नको. तुरटपणा आणि अल्कोहोल, दोन्हींमुळे मिरची जास्त झोंबते. सोरपोतेलात व्हिनेगर असतं, त्यापुढे कमी आंबट वाइन पाणचट लागते. किंचित गोड शेनिन ब्लाँ (पांढरी वाइन) किंवा रोझे (गुलाबी), चांगली गार. बेबिंकासोबत वाइन पदार्थाहून गोड हवी, नाहीतर आंबट लागते. म्हणून ब्रूट (कमी साखरेची स्पार्कलिंग) टाळा, लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड) शेनिन घ्या. 375 मिलीच्या बाटलीत 60 मिलीप्रमाणे सहा जणांचं भागतं. लेबलवरच्या 'एक्स्ट्रा ड्राय'ला मात्र फसू नका : ती लिटरला 12 ते 17 ग्रॅम साखरेची, म्हणजे ब्रूटहून गोडच असते, पण बेबिंकाला पुरेल इतकी नाही.

प्रश्न : उरलेल्या स्पार्कलिंगमध्ये चांदीचा चमचा ठेवला तर बुडबुडे टिकतात का? (नागपूर)

उत्तर : नाही. चिमट्याचं स्टॉपर घ्या, बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. उरलेली रेड बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस चालते.