जुन्या स्ट्रायकरला परत आणायचंय? एका परत आलेल्या म्हाताऱ्याचं उत्तर

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री दुकानाचं शटर ओढता ओढता वाचली आणि शटर अर्ध्यावर सोडून तिथंच पायरीवर बसलो. हिंगणघाटकडचं गाव, ३९ वर्षांचा जुना कॅप्टन दोन वर्षांपूर्वी खेळायचा थांबलेला, यंदा गावच्या फुटबॉल टीमनं एकही मॅच जिंकली नाही, आणि पोट्टे म्हणून राहिले की "छेत्री चाळिशीत देशासाठी परत येते, तर आपला भाऊ गावासाठी काहून नाही?" तुम्ही मॅनेजर. आणावं की नाही, एवढंच तुम्ही विचारलं.

तो भाऊ मी आहे. म्हणजे तुमचा नाही, आमच्या गावचा. वणी तालुका, सात-आठ वर्षं झाली. बारा किलोमीटरच्या आत सगळे ओळखायचे, तेराव्या किलोमीटरवर कोणी पाणी विचारायचं नाही, इतपत स्टार.

आधीच सांगून ठेवतो, मी कोच नाही. माझ्याकडे परवाना आहे तो बियाणं आणि खत विकायचा. तुमच्या जिल्ह्यातले नियम वेगळे असतील, तेव्हा खाली लिहितो ते तिथं विचारून घ्या. स्टॅमिना, वजन, गुडघे, वहिनीची परवानगी यावर काही लिहीत नाही, तुम्हाला ते कळतं.

पोट्ट्यांना आधी सुनील छेत्रीचं, म्हणजे भारताच्या त्या जुन्या कॅप्टनचं, नीट सांगा. १६ मे २०२४ ला त्यानं व्हिडिओ टाकून कळवलं की कुवेतविरुद्धची मॅच शेवटची. ६ जूनला कोलकात्यात सॉल्ट लेकवर ती झाली, ०-०. तोवर त्याचे देशासाठी १५१ सामने आणि ९४ गोल. नऊ महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, तो परत. लोकांना एवढंच आठवते. मधले नऊ महिने तो काय करत होता? बंगळुरूच्या क्लबकडून आयएसएल, म्हणजे देशातली मोठी क्लब लीग, खेळत होता! त्या हंगामात भारतीयांमध्ये सर्वात जास्त गोल त्याचेच, १४. देशाची जर्सी उतरवली होती, बूट कुठं उतरवले होते? टोनी क्रूस २०२१ मध्ये जर्मनीसाठी थांबला आणि मार्च २०२४ मध्ये परतला, पण मधल्या काळात दर आठवड्याला रियाल माद्रिदच्या मिडफील्डमध्ये होताच. झिदान २००४ च्या युरोनंतर थांबून २००५ मध्ये फ्रान्सकडं परतला, तोही रियालमधूनच.

मी सव्वा वर्ष युरियाच्या बॅगांमागं बसून होतो. त्या काळातली माझी सर्वात लांब धाव म्हणजे सुटलेली एसटी.

तुमचा कॅप्टन दोन वर्षांत काय करून राहिला, ते पोस्टमध्ये नाही. ते पहिले पाहा. पण मला जे सर्वात महाग पडलं ते पायांचं नव्हतं, कागदाचं होतं. बाकी उत्तर वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

मी थांबलो तो तान्ह्या पोळ्याचा दिवस. लहान पोरांचे लाकडी बैल सजवून झाले, बक्षिसं वाटून झाली आणि त्याच मंडपात माझा सत्कार. शाल, नारळ, भाषणं. शाळेतल्या मास्तरांनी सुवाच्य अक्षरात एक पत्र लिहून आणलं होतं: ‘मी या पत्राद्वारे स्पर्धात्मक फुटबॉलमधून निवृत्त होत आहे, तरी कृपया नोंद घ्यावी.’ मोठे खेळाडू महासंघाला कळवतात, आपणही कळवलं पाहिजे, असं मास्तरांचं म्हणणं. मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. दुसऱ्या दिवशी एसटीनं जिल्ह्याला गेलो, ज्या ऑफिसात आमच्या लीगची नावनोंदणी व्हायची तिथं पत्र दिलं, वरून आवकचा शिक्का मागून घेतला. बाबूनं विचारलंसुद्धा, "हे कायले?" मी म्हटलं, "रेकॉर्डला राहू द्या." राहिलं.

पुढच्या वर्षी टीमचे हाल. नऊ मॅच, दोन ड्रॉ, बाकी सगळ्या हरलो. डिसेंबरात एका रात्री पोट्टे घरी आले. शेकोटीपाशी बसले आणि एकजण म्हणाला, "भाऊ, तुमी फक्त समोर उभे राहा, पळाचं काम आमी करतो." बायको आतून म्हणाली, "उभं राहाले ते दुकानातच बरे आहेत." मी हो म्हणालो. परत बोलावणं आलं की माणूस नाही म्हणतच नाही, तुमचाही म्हणणार नाही, तेव्हा त्याच्या ‘हो’वर फार जाऊ नका.

दुसऱ्या फेरीच्या यादीत वीसच नावं चालत होती, बदल करायची मुदत शनिवारची. वीस भरलेली. माझं टाकायचं तर एक काढावं लागणार. काढलं ते आमच्या नऊ नंबरचं, म्हणजे समोर गोल मारणाऱ्या स्ट्रायकरचं. अठरा वर्षांचा पोट्टा, डावखुरा, कापूस वेचणीच्या पैशातून स्वतः स्टड घेतलेले. मॅनेजरपाशी पेन नव्हता. माझ्या खिशात बियाणं कंपनीचा फुकटचा पेन होता, तो मी दिला. त्यानं नावावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली, खाली माझं नाव लिहिलं. पोट्ट्याला कोणी विचारलं नाही. तो तेव्हा मैदानात चुन्याची लाइन आखत होता.

शुक्रवारी यादी घेऊन ऑफिसात गेलो. बाबूनं रजिस्टर उघडलं, बोट खाली खाली नेलं आणि थांबला. "तुमी तं निवृत्त आहात."

मी हसलो. तो नाही हसला.

पत्र मागे घ्यायचं तर अर्ज पाहिजे. अर्जाला क्लबचा ठराव पाहिजे. ठरावावर शिक्का पाहिजे, आणि शिक्का घरी, गावाला. शनिवारी सगळं घेऊन पहाटेच्या गाडीनं गेलो तर ज्यांनी मंजूर करायचं ते साहेब लग्नाला. "सोमवारी या." सोमवारी साहेब भेटले, चहा पाजला, फार चांगलं बोलले आणि म्हणाले, "मुदत शनिवारची होती ना गा." मी म्हटलं, साहेब, शनिवारी मी इथंच होतो, या बाकावर. म्हणाले, "तुमी होते, अर्ज आवकमध्ये नव्हता." बरं, मग त्या पोट्ट्याचं नाव तरी पुन्हा चढवा, त्याची रेघ काढा. तर म्हणे, खोडलेलं नाव पुन्हा टाकणं म्हणजे नवीन नोंद, आणि नवीन नोंदीची मुदत, पुन्हा तेच, शनिवारची.

म्हणजे मीही नाही आणि तोही नाही. एकोणीस जण घेऊन, नऊ नंबरशिवाय, आम्ही ती फेरी खेळलो. पहिलीच मॅच ०-४.

मला आजही राग येतो तो या गोष्टीचा, की ‘निवृत्त’ हा शब्द फुटबॉलच्या नियमात असा काही जड नाहीच. देशाच्या टीमचंच पाहा ना. छेत्रीनं कुठल्या खिडकीवर अर्ज दिला होता का? कोच मानोलो मार्केझनं टीम निवडली, त्यात नाव आलं, संपलं. देशाला जे एका यादीत जमते ते आमच्या तालुक्याच्या लीगला तीन चकरांत जमू नये? त्या ऑफिसाचं नाव घेत नाही, घेऊन काय होणार, बाबू बदलला, रजिस्टर तेच आहे. असो. भरकटलो.

पण ऑफिसला किती शिव्या देऊ? रेघ त्यांनी नव्हती मारली. शिक्का हातात पडायच्या आधी आम्ही चालता माणूस खोडला, आणि पेन माझा होता.

पोट्टा भांडला नाही. आठवड्यानं दुकानात आला, नऊ नंबरची जर्सी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "बाबांनं युरियाच्या दोन बॅगा सांगितल्या." मी बॅगा दिल्या. पैसे नको म्हटलं तर त्यानं मोजून दिले. संक्रांतीनंतर चाकणला कंपनीत लागला. तिथं रविवारी टर्फवर खेळतो म्हणतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पुढच्या हंगामात माझी नोंद नियमानं झाली आणि मी खेळलो, सहा मॅच. पहिली आम्ही २-१ जिंकलो, एक गोल माझा, खरं तर माझ्या मांडीचा. गावात गुलाल. पण त्यानंतर जे झालं ते भारतीय टीमचं झालं तेच. १९ मार्च २०२५ ला शिलाँगला मालदीववर ३-० विजय, तिसरा गोल छेत्रीचा, डोक्यानं, त्याचा ९५ वा. त्याआधी भारत जिंकला होता तो नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतमध्ये, म्हणजे ४८९ दिवस झाले होते! मी दुकानात मोबाइलवर पाहत होतो, एका गिऱ्हाइकाला तुरीऐवजी सोयाबीनचं बियाणं काढून दिलं. मग सहाच दिवसांनी त्याच मैदानावर, आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत, बांगलादेशशी ०-०. जूनमध्ये हाँगकाँगकडून शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर ०-१. मार्केझ गेले, खालिद जमील आले, आणि ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ हरून २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद.

छेत्रीचा दोष काढणारे तेव्हा भरपूर निघाले. माझ्या मते चूक त्याची नाही. तो समोर दिसला की बाकीचे दहा डोकं वापरायचं सोडतात. आमच्याकडे तर तेच झालं. बॅकवाल्याला बॉल मिळाला की आधी माझ्याकडं पाहायचा, मग मारायचा. मी मार्क झालेला असो, चिखलात बसलेलो असो, बॉल माझ्याकडंच. ज्या पोट्ट्यांनी "पळाचं काम आमी करतो" म्हटलं होतं ते कमरेवर हात ठेवून म्हाताऱ्याचा पराक्रम पाहत होते.

आणि स्ट्रायकर नाही म्हणून ओरडायचं तर तो तयार कुठं होणार? आयएसएलमध्ये बहुतेक क्लब नऊ नंबरला परदेशी खेळाडू ठेवतात, आपला पोरगा विंगवर नाही तर बेंचवर. आपल्याकडं लहान प्रमाणात तीच तऱ्हा. बक्षीस जरा मोठं असलं की टीमा नागपूर-कामठीकडून दोन-तीन जण मॅचच्या बोलीवर आणतात, जेवण वेगळं. मीही एकदा पैसे काढून दिले आहेत, त्यामुळं फार साळसूद होत नाही.

तर माझं मत, पटलं तर घ्या. आणा, पण रॉजर मिलासारखा आणा. १९९० चा इटलीतला वर्ल्ड कप, वय ३८, थांबलेला माणूस, राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं म्हणून कॅमेरूनच्या टीममध्ये आला. पाचही मॅच बाहेरून उतरला, एकदाही सुरुवातीपासून नाही. चार गोल मारले आणि कॅमेरून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलं. समोरचे डिफेंडर तासभर पळून थकले की ताजा म्हातारा भारी पडतो. शेवटची पंचवीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. कॅप्टनची पट्टी त्याच्या दंडावर बांधू नका, जो आत्ता कॅप्टन आहे तोच राहू द्या, नाही तर पंचाशी बोलायलाही पोट्टे त्यालाच पुढं करतील. आणि तुमचा आत्ताचा स्ट्रायकर जो कोणी असेल, कसाही असेल, हरणारा असेल, त्याला हे सगळं पहिले सांगा. गावात कानावर जायच्या आधी, तुमच्या तोंडून. शक्यतो मैदानावर नको, घरी जाऊन, त्याच्या बापासमोर.

जाता जाता मैदानाचं. आपली काळी माती डिसेंबरपासून भेगा देते, फेब्रुवारीत त्यात अख्खा पाय जातो. अठरा वर्षांचा घोटा मुरगळला तर चार दिवसांत पळतो, चाळिशीतला चार महिने घेतो. मॅचच्या दोन दिवस आधी टँकर मारून वरून बारीक मुरूम फिरवा, निदान दोन्ही गोलांसमोरच्या डीच्या आत तरी. आणि मॅचआधी दुखण्याचं इंजेक्शन देणारा कोणी ना कोणी प्रत्येक गावात असतोच, त्याला मैदानापासून लांब ठेवा. मी डॉक्टर नाही, पण माझा डावा गुडघा अजून एसटीची पायरी चढताना कुरकुरतो, तो त्या सहा मॅचमधला आहे.

तुमच्या यादीची मुदत कधी आहे ते पोस्टमध्ये दिसलं नाही. कळवा. ठरावाचा आणि अर्जाचा जुना मसुदा माझ्याकडं फाइलमध्ये आहे, फोटो काढून टाकतो, फक्त नावं बदला. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते. पण त्याआधी, आजच, तुमच्या कॅप्टनला एवढं विचारा की दोन वर्षांपूर्वी थांबताना त्यानं कुठं काही लिहून दिलं होतं का. आठवत नाही म्हणाला तर सत्कारात पत्र कोणी लिहिलं होतं ते विचारा. मास्तरांना आठवेल.